तानपुरा कपाटावरून खाली काढा

पत्र: माझं माहेर सांगलीचं. लग्नाआधी शास्त्रीय गायनाच्या मध्यमा पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिल्या. मिस्टर बँकेत आहेत. अकरा वर्षांत पाच गावं झाली. कोल्हापुरात येऊन अडीच वर्षं होतील. इथे एका बाईंकडे जयपूर घराण्याचं गाणं शिकते. येत्या मेमध्ये पुन्हा बदली नक्की आहे, बहुतेक कोकणात नाहीतर विदर्भात. मुलगी चौथीत, मुलगा साडेतीन वर्षांचा. दर गावी गाणं सुरू करते आणि गळा लागायच्या आत सामान बांधायची वेळ येते. सासूबाई म्हणतात, मुलं मोठी होईपर्यंत थांब. मिस्टर म्हणतात, तुला जमेल तसं कर. बाबांनी लग्नात दिलेला मिरजेचा तानपुरा दोन वर्षं कपाटावर गुंडाळून पडलाय. तो सांगलीला आईकडे ठेवून द्यावा का? की मुलांना घेऊन मी कोल्हापुरातच राहावं? स्वतःसाठी तासभर मागताना अपराधी वाटतं. (नाव छापू नये. ताराबाई पार्क, कोल्हापूर)

ताई, तुमच्या पत्रात तीन प्रश्न आहेत, त्यांची उत्तरं आधी देऊन टाकतो. तानपुरा आईकडे ठेवू नका. मुलांना घेऊन मागे राहण्याचा विचार आत्ता नको. आणि मुलं मोठी होईपर्यंत थांबू तर मुळीच नका.

थांबायचं का नाही, ते सांगतो. राग आणि बंदिशी डोक्यात राहतात. पाच वर्षांनी वही उघडली तरी पंधरा दिवसांत परत येतात. गळ्याचं तसं नसतं. रियाज सुटला की आधी श्वास आखूड होतो, मग मंद्र सप्तकातले खालचे स्वर पोकळ लागायला लागतात, आणि तानेतला दाणा, म्हणजे एकेका स्वराचा सुटेपणा, सगळ्यात शेवटी, पण पुरता जातो. हे परत मिळवायला महिने लागतात. शिवाय 'मुलं मोठी होईपर्यंत' म्हणजे नेमकं कधीपर्यंत, याचा हिशेब मांडून पाहा. मुलगी दहावीला बसेल तेव्हा मुलगा चौथीत असेल. तो दहावीला बसेल तेव्हा मुलगी पदवी संपवत असेल. या वाटेवर मोकळं वर्ष असं येतच नाही. सासूबाई काळजीपोटीच म्हणत असणार, त्यांच्याशी वाद घालू नका. फक्त त्यांचं म्हणणं वेळापत्रक म्हणून स्वीकारू नका.

मागे राहण्याबद्दल. दोन घरं म्हणजे दोन भाडी, दोन स्वयंपाक आणि दोन्ही मुलांचं आजारपण-अभ्यास एकट्या तुमच्या अंगावर. अशा घरात आधी रियाजाचीच वेळ जाते, म्हणजे ज्यासाठी राहिलात तेच हातचं सुटतं. मुलगी आठवीत गेल्यावर हा प्रश्न पुन्हा काढा. नववी-दहावी एकाच शाळेत झाली तर तिला सोपं जातं, आणि तेव्हा एका गावी दोन-तीन वर्षं स्थिर राहण्याला खरं कारण असेल.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. पाचही गावांत तुम्ही गाणं गावाला बांधलंत. गुरू त्या गावचे, वर्गाची वेळ त्या गावची, सोबतीण त्या गावची. गाव सुटलं की सगळं एकदम सुटलं. यापुढे गाण्याचे तीन हिस्से करा. रोजचा रियाज, तानपुरा आणि वही हा एक हिस्सा, तो तुमच्याबरोबर फिरेल. एक गुरू, ज्यांचं गाणं तुम्ही आपलं मानलंय, त्या लांबून का होईना कायम राहतील, हा दुसरा. आणि त्या त्या गावात जे मिळेल ते तिसरा. तिसऱ्यातलं बदलीत गेलं तर जाऊ द्यावं. पहिल्या दोघांना मात्र धक्का लागता कामा नये.

रोजच्या रियाजाला तासभर मागू नका, पस्तीस मिनिटं मागा. सकाळी वीस, संध्याकाळी पंधरा. सकाळी मुलं उठायच्या आधी दहा मिनिटं खर्ज: मंद्र पंचमापर्यंत जेवढं सहज उतरता येतं तेवढंच, एका श्वासात एक स्वर, आकारात, म्हणजे 'आ' लावून. नंतरची दहा मिनिटं एकाच रागातले पलटे, म्हणजे उलटसुलट फिरवलेले स्वरगट, विलंबित, सावकाश लयीत. संध्याकाळच्या पंधरा मिनिटांत एकच बंदीश. सकाळी भैरव आणि संध्याकाळी यमन असे दोनच राग तीन महिने धरा. थोड्या वेळात पाच राग घेतले की प्रत्येकाची नुसती ओळख होते, गळ्यावर एकही चढत नाही.

यात एक चूक हमखास होते. बुधवार, गुरुवार, शुक्रवार बुडाले म्हणून रविवारी दोन तास बसायचं, तेही थेट द्रुत तानांनी. सोमवारी आवाज बसतो, त्या धास्तीने आठवडा जातो, आणि मग गाणंच थांबतं. बुडालेला रियाज भरून काढायचा नसतो. तीन दिवस गेले तर चौथ्या दिवशीही वीसच मिनिटं, आणि त्यातही खर्ज जास्त. महिना-दोन महिन्यांच्या खंडानंतर पहिले तीन आठवडे मध्य सप्तकातच राहा, तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या 'सा'च्या, पुढे जाऊ नका. घोगरेपणा तीन आठवड्यांनीही गेला नाही, तर घरगुती काढ्यांवर न थांबता कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

बदलीची ऑर्डर हातात आल्यापासून नव्या घरात स्वयंपाकघर लागेपर्यंत साधारण दीड महिना जातो. या दीड महिन्यासाठी रियाज आधीच कमी करून ठेवा: रोज पाच मिनिटं, नुसता सा. खोक्यांच्या मधे बसून, फोनवरच्या तानपुऱ्यावरसुद्धा चालेल. आजवर दर बदलीत तुम्ही पूर्ण थांबलात आणि नव्या गावी शून्यापासून उठलात, थकवा त्याचाच आहे. पाच मिनिटं चालू राहिली तर नवीन घरी पंधराव्या दिवशी तुम्ही पुन्हा वीस मिनिटांवर येता.

आता तानपुरा. तो आईकडे ठेवला तर आणखी खराब होईल. न वाजणाऱ्या तानपुऱ्याच्या खुंट्या घट्ट बसतात, तारा गंजतात, भोपळ्याला कीड लागू शकते. तुमच्या घरी निदान रविवारी हात फिरेल. तो हलवताना मोडेल ही भीती मात्र खरी आहे, म्हणून ते नीट समजून घ्या.

तानपुऱ्याचा भोपळा म्हणजे शेतातच वाढवून वाळवलेलं फळ. मिरजेचे कारागीर ते पंढरपूरकडून, भीमाकाठच्या शेतांतून आणतात. त्याची भिंत पातळ असते. दाब थोडाफार सहन करते, ठोका करत नाही. दुसरी नाजूक जागा म्हणजे भोपळा आणि दांडी जिथे जुळतात तो सांधा. हमाल दांडीला धरून उचलतो, भोपळ्याचं सगळं वजन त्या सांध्यावर लोंबतं आणि तो सुटतो. तिसरी जागा घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी. ती तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, चिकटवलेली नसते, तारांच्या दाबाने उभी असते. म्हणूनच 'तारा पूर्ण सैल करून ठेवा' हा सल्ला ऐकू नका. पूर्ण सैल केल्या की घोडी घसरते, तबलीवर ओरखडा उठतो, आणि कारागिराने बसवलेली जागा हरवते.

ट्रक यायच्या दोन दिवस आधी हे करा. घोडीच्या पायांशी तबलीवर पेन्सिलीने बारीक खुणा करा आणि फोटो काढा, सूर बारीक जुळवायच्या मण्यांचाही काढा. मग चारही खुंट्या थोड्या थोड्या उलट फिरवा. आवाज चार-पाच स्वरांनी खाली आला पाहिजे, पण तार ताणलेलीच राहिली पाहिजे. ताण उतरवायचा तो एवढ्यासाठी की पूर्ण ताणात दणका बसला तर तबलीला चीर जाते. जवारीचे दोरे, म्हणजे आवाज घुमावा म्हणून घोडीवर तारांखाली घालतात ते, घोडीच्या उतारावर सरकवून ठेवा. हरवले तर साधा सुती दोरा चालतो, त्याची काळजी नको. घोडीच्या दोन्ही बाजूंना, तारांखाली, मऊ रुमालाच्या घड्या सरकवा. आता सगळा तानपुरा जुन्या सुती साडीत गुंडाळा आणि भोपळ्याभोवती वाकळ. पॉलिशवर फुगेवालं प्लॅस्टिक थेट लावू नका. उन्हात लाखेचं पॉलिश मऊ पडतं आणि फुग्यांचे ठसे कायमचे उमटतात. खुंट्यांच्या टोकाला जाड कापड द्या, कारण दारातून बाहेर काढताना पहिला धक्का त्यांनाच बसतो.

ट्रकमध्ये तो द्यायचा असेल तर फायबरच्या कडक पेटीतच द्या. सगळ्यात शेवटी चढवायचा, सगळ्यात आधी उतरवायचा, आणि वर काहीही ठेवायचं नाही. पेटी नसेल तर तानपुरा माणसांबरोबर जाईल. कारमध्ये मागच्या सीटच्या कोपऱ्यात भोपळा, दांडी पुढच्या दोन सीटांच्या मधून. रेल्वेत वरच्या बर्थवर आडवा, भोपळा भिंतीकडे. जेवायला थांबलात तर गाडी सावलीत लावा. मे महिन्याच्या बंद गाडीत सांध्यांचा सरस सैल पडतो. हमालाला 'नाजूक आहे' एवढं सांगून भागत नाही, 'आत भोपळा आहे, खालून धरा' असं सांगा.

नव्या घरी पोचल्यावर एक दिवस कापडातच ठेवा, हवेशी जुळू द्या. दुसऱ्या दिवशी उघडून दोन दिवसांत सावकाश सुरात चढवा, आधी जोडाच्या मधल्या दोन तारा, मग पंचमाची, शेवटी खर्जाची. कोकणात गेलात तर पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतील. जोर लावून पिळू नका, खुंटी मोडते. किंचित बाहेर ओढून मग फिरवा. विदर्भात उन्हाळ्यात उलट होईल, खुंट्या आकसून घसरतील. तेव्हा खुंटी काढून साधा खडू चोळा आणि आत दाबत फिरवा. दोन्हीकडे एक नियम सारखाच: बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकवायचा नाही, खिडकीच्या उन्हात ठेवायचा नाही. भोपळ्याला चीर गेलीच तर हाताला येईल तो गोंद किंवा एम-सील लावू नका. निघालेले तुकडे सगळे जपून ठेवा. भोपळा जोडता येतो, पण आधी लावलेला चुकीचा गोंद काढताना कारागिराचा निम्मा जीव जातो.

रोजच्या पस्तीस मिनिटांसाठी फोनवरचं तानपुऱ्याचं ॲप वापरा, त्यात कमीपणा काही नाही. मात्र फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून खर्ज ऐकूच येत नाही, तो लहान ब्लूटूथ स्पीकरला जोडा. पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या स्वरावर तुमचा सा, ती कायमची ठरवून टाका, काळी चार असेल तर काळी चारच. आठवड्यातून एकदा दीड तास खऱ्या तानपुऱ्यावर बसा. तार छेडल्यावर उमटणारे वरचे स्वर ऐकायची कानाची सवय ॲपवर टिकत नाही.

आता गुरूंचा प्रश्न, जो तुमच्या पत्रात अर्ध्या ओळीत आलाय पण सगळ्यात मोठा आहे. दर नव्या गुरूंकडे तुम्हाला पुन्हा आकार लावण्यापासून सुरुवात करावी लागली असणार. त्यात त्यांचं चुकत नाही, घराण्याचा आवाजच वेगळा असतो. तुम्ही ज्या भागात आहात तिथेच बघा. अल्लादियाखाँसाहेब राजस्थानातून निघून शाहू महाराजांच्या पदरी आले आणि जयपूर-अत्रौलीची गायकी कोल्हापुरात रुजली: मोकळा आकार, लयीला घट्ट धरून चालणारी बढत, म्हणजे रागाचा क्रमाने विस्तार, स्वर हलवत घेतलेल्या गमकेच्या ताना, दोन राग जुळवून केलेले जोडराग. रेल्वेने तासाभरावर मिरज. तिथे अब्दुल करीमखाँसाहेबांची किराणा गायकी, एकेका स्वरावर थांबत सावकाश पुढे जाणारी. दोन्ही थोर आहेत. पण एक वर्ष हे आणि एक वर्ष ते, असं केलं तर गळ्याला एकही वळण लागत नाही.

म्हणून कोल्हापूरच्या बाईंना मुख्य गुरू ठरवा. अडीच वर्षं ही तुमची सगळ्यात सलग तालीम आहे, ती वाया घालवू नका. बदलीची गोष्ट त्यांना मेमध्ये सामान बांधताना सांगू नका, याच महिन्यात सांगा. बऱ्याच जणी संकोचाने गुरूंना न सांगता गायब होतात आणि मग त्याच लाजेने कधी फोनही करत नाहीत. दोन गोष्टी मागा. तालीम रेकॉर्ड करायची परवानगी, आणि पुढे पंधरा दिवसांतून एकदा फोनवर पाऊण तास. गुरुदक्षिणा कमी करून मागू नका, वेळ त्यांचाही तेवढाच जातो. वर्षातून दोनदा समोर बसून तालीम व्हायलाच हवी. माहेर सांगलीला असल्याने दिवाळीची सुट्टी आणि गुरुपौर्णिमेच्या आसपासचा एखादा शनिवार-रविवार तुम्हाला कोल्हापूर गाठता येईल.

फोनवरच्या तालमीत लोक का कंटाळतात तेही सांगतो. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, त्यामुळे गुरूंबरोबर एकत्र गाता येत नाही आणि त्यांच्या तबल्यावर तुम्ही समेवर येऊ शकत नाही. तसा प्रयत्नच करू नका. बाई एक जागा गातील, थांबतील, मग तुम्ही गाल. तानपुरा आणि ठेका तुमच्या खोलीत लावा. दुसरी अडचण अशी की व्हिडिओ कॉलची यंत्रणा सलग गुणगुणणाऱ्या आवाजाला पंख्याचा आवाज समजून दाबते. तानपुरा गायब होतो आणि लांबवलेला स्वर मध्येच तुटतो. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' हा पर्याय दोन्हीकडे चालू केला की हे थांबतं. हेडफोन वापरा, नाहीतर बाईंचाच आवाज त्यांना परत ऐकू जाईल. कॉल सुरू होण्याआधी आठवड्याभरात बसवलेल्या आलापाचं तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग त्यांना पाठवा. कॉलवर नेटवर्क कसंही असो, त्या रेकॉर्डिंगवरून त्यांना सूर कुठे हलतोय ते कळेल.

रेकॉर्डिंगला नाव देताना तारीख, राग, गुरू या क्रमाने द्या, आणि फोनशिवाय आणखी एका ठिकाणी प्रत ठेवा. एक जाड वही करा. प्रत्येक बंदिशीला एक पान, वर गुरूंचं नाव आणि गाव, खाली स्वरलेखन. तीच बंदीश दुसऱ्या गुरूंनी वेगळी सांगितली तर नवीन पान घ्या, जुनी खोडून दुरुस्त करू नका. दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

नव्या गावच्या गुरूंकडे जाल तेव्हा पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा: माझी तालीम कोल्हापूरला चालू आहे, तुमच्याकडून मला नाट्यगीत, ठुमरी किंवा भजन शिकायचंय. नाहीतर परीक्षेच्या शास्त्र भागाची, म्हणजे थिअरीची, तयारी करून घ्या म्हणा. आवाज लावण्याच्या पद्धतीवरून दोन गुरूंमध्ये ओढाताण होणार नाही असंच मागा. काही गुरूंना हे रुचणार नाही, 'दोन डगरींवर पाय' म्हणतील. त्यांचा मान ठेवून नमस्कार करा आणि दुसरं दार बघा.

परीक्षेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मध्यमा पूर्ण झालेल्या बाईने विशारद सोडू नये असं आम्हाला फार वाटतं. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा फिरत्या माणसाला सोयीची आहे, कारण अभ्यासक्रम सगळीकडे एकच आणि केंद्रं गावोगावी. तुमच्यापुढे विशारद प्रथम आणि विशारद पूर्ण अशा दोन पायऱ्या आहेत. सत्रं दोन असतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. बदल्यांच्या घरांनी एप्रिल-मेचा फॉर्म भरू नये. ऑर्डर, शाळेचा निकाल आणि परीक्षा एकाच पंधरवड्यात येतात, आणि मग परीक्षाच मागे पडते. पुढच्या नोव्हेंबर-डिसेंबरचा विचार करा, नव्या गावच्या केंद्रातून. फॉर्म काही महिने आधी भरावा लागतो, त्यामुळे तिथे गेल्यावर पहिल्या महिन्यातच केंद्र शोधा. जुनी प्रमाणपत्रं आणि गुणपत्रकं ट्रकमध्ये नव्हे, तुमच्या पर्समध्ये असू द्यात.

केंद्र शोधलं की गाणारी माणसंही सापडतात. केंद्रचालकांना गावातले तबलजी, पेटीवाले, गुरू सगळे माहीत असतात. नसेल केंद्र तर शाळेतले संगीत शिक्षक, सार्वजनिक वाचनालय आणि देवळातलं महिला भजनी मंडळ. मंडळात आठवड्याभरात ओळखी होतात, आणि नव्या गावी 'मॅनेजरसाहेबांच्या मिसेस' याच्या आधी 'गाणाऱ्या ताई' म्हणून नाव पडतं. हे थोडकं नाही. पण सांभाळा. शिकलेली बाई आली की मंडळ पेटी आणि शिकवणं तिच्यावर टाकतं. शिवाय मंडळाची पट्टी बहुधा चढी असते, सगळ्यांच्या आवाजाच्या वर गाताना घसा ओढला जातो. आठवड्यातून एकदाच जा आणि चढ्या पट्टीत तोंड मिटून टाळ धरा.

घर भाड्याने घेताना मालकांना आधीच सांगा की पहाटे रियाज असतो. करारात लॉक-इन काळ नको, एक महिन्याच्या नोटिशीवर घर सोडता यावं एवढं बघा. गॅसचा सिलिंडर आणि रेग्युलेटर इथल्या एजन्सीत जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्या, तेच नव्या गावी चालतं. मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला निकालाच्या आठवड्यातच मागा. आठवीपर्यंतच्या मुलांना सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदलून जायचा हक्क २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने दिला आहे, आणि दाखला उशिरा आला या कारणावरून त्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. विदर्भात गेलात तर तिथल्या शाळा उन्हामुळे थोड्या उशिरा उघडतात, ते दिवस खोकी उघडायला मिळतील.

आता मिस्टर. 'तुला जमेल तसं कर' यात परवानगी आहे, वेळ नाही. भांडू नका, त्यांना दोन ठरावीक कामं द्या. रविवारी सकाळी सात ते साडेआठ दोन्ही मुलांना घेऊन रंकाळ्यावर जायचं, आणि पंधरा दिवसांतल्या एका संध्याकाळी, बाईंच्या कॉलच्या वेळी, मुलांचं जेवण त्यांच्याकडे. बँकेतला माणूस रोज लवकर येऊ शकत नाही हे मान्य. म्हणूनच रोजचं काही मागू नका, पण मागितलेलं हलू देऊ नका. नव्या गावी रंकाळा नसेल, बाग नाहीतर नदी असेल, वेळ तीच ठेवा.

मुलांना रियाजाच्या खोलीबाहेर काढू नका, त्यांना आत येऊ द्या. मुलीने संध्याकाळच्या पंधरा मिनिटांत तिथेच बसून शुद्धलेखन लिहावं. मुलगा साडेतीनचा, तो दोन मिनिटांनी मांडीवर येणारच. त्याच्या हातात झांजा द्या आणि पहिली पाच मिनिटं त्याच्यासाठी बडबडगीत गा, मग तो बहुतेक वेळा खेळायला निघून जातो. नाहीच गेला तर त्याला मांडीवर घेऊन नुसता सा लावा, त्या दिवशी तेवढंच. दर दोन-तीन वर्षांनी या मुलांची शाळा, मैत्रिणी, अंगण सगळं बदलतं. सकाळी जाग येते तेव्हा आईचा तोच खर्ज कानावर पडणं ही त्यांच्याही बाजूची गोष्ट आहे. तुम्हाला वाटणारा अपराध याने धुऊन निघेल असं म्हणत नाही, पण तुम्ही मुलांचा वेळ चोरताय हा समज तरी सोडा.

मेपर्यंत कोल्हापूर तुमच्या हातात आहे. गायन समाज देवल क्लब १८८३ पासून इथे गाण्याचं काम करतोय, तिथली एकही बैठक चुकवू नका, मुलीला न्या. करवीर नगर वाचन मंदिरात बसून विशारदच्या शास्त्र भागाच्या टिपणांना सुरुवात करा. आणि या सहा महिन्यांत बाईंकडून नवीन राग मागण्यापेक्षा आधीच्याच दोन रागांची बढत पुरती समजून घ्या. नवीन बंदिशी फोनवरही मिळतील, लयीशी बढत कशी बांधायची ते समोर बसूनच कळतं.

आणि पुढच्या एखाद्या शनिवारी तानपुरा घेऊन मिरजेला जा. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण सतारमेकर गल्लीतली कारागिरी एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. पुढच्या गावी जवारी काढणारा, म्हणजे घोडीची किनार घासून तारांचा आवाज घुमता करणारा, माणूस मिळेलच असं नाही. जवारी काढून घ्या, खुंट्या तपासून घ्या, तारांचा एक जादा संच घ्या आणि प्रत्येक तारेचा नंबर कागदावर लिहून घ्या. जोडाच्या तारा पोलादी, खर्जाची पितळी, एवढं माहीत असून चालत नाही. चुकीच्या जाडीची तार चढवली की नवी काढलेली जवारी बोलत नाही. फायबरची पेटी तिथेच मापाने बनवून मिळते का ते विचारा. तानपुरा कारागिराच्या हातात देण्याआधी दोन वर्षं कपाटावर होता हे स्पष्ट सांगा, म्हणजे तो भोपळा आतूनही बघेल. आणि काम चालू असताना पेठेत फिरायला जाऊ नका. जवारी काढताना घोडीची किनार तो किती घासतो आणि दोरा कुठे बसवतो, ते शेजारी बसून बघा. दोरा सरकवणं कोकणात किंवा विदर्भात तुम्हालाच करायचंय.